जड आणि अवजड पार्सल वर नेण्याच्या व्यवस्थेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय : जड पार्सलसाठी लिफ्ट खुली करणे, हँड ट्रॉली घेणे आणि बी विंगच्या दाराशी रॅम्प बांधणे

महोदय,

गेटवर 'डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये' अशी पाटी लावली आहे. जड पार्सलच्या बाबतीत ही पाटी ताबडतोब मागे घ्यावी, अशी आम्हा बी विंगमधील रहिवाशांची विनंती आहे. पाकिटे आणि लहान खोकी घेऊन कोणीही चार मजले चढेल. पण वॉशिंग मशीन, कपाटाच्या फळ्यांचा खोका, गादी किंवा डंबेल्सचा संच पाठीवर घेऊन माणसाला जिन्याने पाठवणे हे धोक्याचे आहे आणि माणुसकीलाही धरून नाही. त्यात अनेक डिलिव्हरी कामगारांना नगावर पैसे मिळतात. पाकीट असो की ४० किलोचा खोका, नग एकच. त्यामुळे जिन्यात मोडणारा वेळ त्यांच्या कमाईतूनच जातो.

लिफ्टवर भार पडतो, हे कारण समितीने दिले होते. आपल्या लिफ्टमधली पाटी ८ माणसे, ५४४ किलो सांगते, म्हणजे माणशी ६८ किलो. पुढून उघडणारे वॉशिंग मशीन साधारण ६० ते ७० किलोचे असते. ते आणि दोन माणसे धरली तरी बेरीज २१० किलोच्या आसपास, निम्म्याहूनही कमी. लिफ्ट बिघडते ती वजनाने नाही, दाराच्या हाताळणीने. सामान आत घेईपर्यंत दार बंद होऊ नये म्हणून कोणीतरी खोकाच दारात अडवून ठेवतो. दार त्यावर पुन्हापुन्हा आपटते, पट्टे आणि रोलर झिजतात, दार सरकवणारी मोटर तापते. ट्रॉलीची चाके लहान असतील तर उंबऱ्याच्या फटीत अडकतात आणि मागून जोर लावला की उंबऱ्याची पट्टी वाकते. तिसरे कारण कोणाच्या लक्षात येत नाही : खोक्यातून गळलेले थर्माकोलचे दाणे दाराच्या खाचेत जाऊन दबतात, मग दार शेवटचे बोटभर अंतर मिटत नाही आणि लिफ्ट हलत नाही. उपाय सोपे आहेत. जड सामान आले की वॉचमनने आत उभे राहून 'दार उघडा' बटण दाबून धरावे, किंवा लिफ्ट कंपनीकडून दार उघडे धरून ठेवणारा किल्लीचा स्विच चालू करून घ्यावा. आतल्या भिंतींना हुकावर अडकवायच्या रेक्झिनच्या गाद्या शिवून घ्याव्यात. सामान एका कोपऱ्यात न ठेवता मधोमध ठेवावे. आणि सामान उतरले की दाराची खाच ब्रशने झाडावी.

आता वजनाबद्दल. अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९९१च्या सुधारित सूत्रात एका माणसाने उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा २३ किलो धरली आहे. पण हे २३ किलो सगळे जुळून आले तरच : हात घोट्यांपासून आडवे मोजून २५ सेंमीच्या आत, वजन जमिनीपासून सुमारे ७५ सेंमी उंचीवर, कंबर न वळवता, पकड चांगली. खोका मोठा झाला की हात आपोआप पुढे जातात. ६० सेंमी खोल खोका छातीशी धरला तरी हात घोट्यांपासून सुमारे ५० सेंमी दूर राहतात आणि मर्यादा निम्म्यावर, म्हणजे साडेअकरा किलोवर येते. तोच खोका जमिनीवरून उचलायचा असेल तर ती ९ किलोच्याही खाली जाते. म्हणून हलक्या पण फुगीर खोक्याकडे 'यात काय आहे' म्हणून पाहू नये. पाठ मोडते ती बऱ्याचदा अशाच खोक्याने. उलट, डंबेल्सचा खोका लहान पण जड असतो आणि उचलणारा गाफील राहतो. गेटवर उतरवलेल्या प्रत्येक जड खोक्यावर जाड मार्करने किलो लिहायची सवय वॉचमनला लावावी. वजन माहीत नसेल तर उचलण्याआधी एक कड किंचित कलती करून अंदाज घ्यावा. कोणती बाजू जड आहे तेही तेव्हाच कळते. फ्रिजचा कंप्रेसर मागे तळाशी असतो, ट्रेडमिलची मोटर एका टोकाला असते.

जिना टाळावा, असे आम्ही का म्हणतो तेही सांगतो. दोघांनी उंच वस्तू तिरपी धरून जिना चढला की वजनाचा मध्य खालच्या माणसाकडे सरकतो. दोघांत निम्मेनिम्मे वाटले जात नाही. खालच्यावर निम्म्याहून बराच जास्त भार येतो, आणि त्यालाच समोरची पायरी दिसत नाही. जिन्याच्या वळणावर तर वस्तू उभी करून फिरवावी लागते, तिथे बोटे कठड्यात चेंगरतात. लिफ्टमध्ये न मावणारी वस्तू जिन्यानेच न्यावी लागेल, हे मान्य. अशा वेळी किमान दोन माणसे, खांद्यावरून घ्यायचे पट्टे आणि रिकामा जिना, एवढे तरी हवेच. वळणावरच्या सायकली आणि चपलांचे स्टँड आधी हलवावेत. एकटा कामगार आला असेल तर माल खाली ठेवून घ्यावा आणि दुसरा माणूस येईपर्यंत थांबावे. वॉचमनला हात लावायला सांगू नये. ते त्याचे काम नाही, आणि तेवढ्या वेळात गेट उघडे पडते.

काय मावते हे अंदाजाने ठरवू नये. आपल्या लिफ्टचे दार ८० सेंमी रुंद आणि २०० सेंमी उंच आहे, आतली जागा १३० बाय ११० सेंमी, म्हणजे जमिनीवरचा कर्ण सुमारे १७० सेंमी. २१० सेंमी लांब कपाटाचा खोका तळ आधी आत सरकवून आणि डोके मागे झुकवून जातो. ७८ बाय ७२ इंचांची दुहेरी गादी सपाट अवस्थेत जात नाही, गुंडाळून पॅक केलेली असेल तरच जाते. ही मापे गेटवर लावावीत. रहिवाशांनीही ऑर्डर देण्याआधी वस्तूचे नव्हे, पॅक केलेल्या खोक्याचे माप आणि वजन पाहावे. स्वतःच्या दाराचे मापही घ्यावे. जाळीचा दरवाजा पूर्ण उघडत नसेल तर चार-पाच सेंमी तिथेच जातात.

ट्रॉलीबाबत आमची शिफारस ठाम आहे. दोन चाकांची उभी हँड ट्रॉली, क्षमता निदान १५० किलो, रबरी चाके २० ते २५ सेंमी व्यासाची, सोबत ५ मीटरचा रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा). मोठी चाके उंबऱ्याच्या फटीत अडकत नाहीत. फ्रिजला ट्रॉली बाजूने लावावी. मागून लावली तर तिकडची जाळी दबते, पुढून लावली तर दार. पट्टा आवळल्याशिवाय ट्रॉली कलती करू नये. फ्रिज ४५ अंशांपेक्षा जास्त झुकवू नये. वाटेत आडवा झालाच असेल तर उभा करून काही तास थांबूनच चालू करावा, कारण कंप्रेसरचे तेल नळ्यांत गेलेले असते.

बी विंगच्या दारात दोन पायऱ्या आहेत, मिळून ३० सेंमी. सध्या तिथे फळी टाकतात, सव्वा मीटरची. तिचा चढ जवळपास १:४ होतो आणि ६० किलोच्या खोक्याला सुमारे १५ किलोचा जोर सतत लावावा लागतो. १:१२ चा रॅम्प केला, म्हणजे ३.६ मीटर लांब, तर हाच जोर ५ किलोवर येतो. जागा कुंड्यांच्या बाजूला आहे. व्हीलचेअरवरच्या रहिवाशांनाही तोच रॅम्प लागतो, त्यामुळे हा खर्च आता पुढे ढकलू नये.

लिफ्ट बंद असेल त्या दिवशी २० किलोच्या वरचे पार्सल जिन्याने पाठवू नये. सोसायटी ऑफिसच्या शेजारच्या मोकळ्या जागेत लाकडी फळ्यांवर ठेवून रजिस्टरात नोंद करावी. मीटर रूमजवळ किंवा जिन्याखाली अजिबात नको, आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट आहे. तळमजल्यावरचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी डिलिव्हरी कामगारांना वापरू द्यावे, हेही याच ठरावात घ्यावे.

येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. ट्रॉली निवडायला आणि वॉचमनना एकदा प्रत्यक्ष करून दाखवायला आम्ही येऊ. रॅम्पच्या जागेची मापे काढलेला कागद सोबत जोडला आहे.

आपले,
बी विंगमधील रहिवासी