खाते बंद, कारण गुलदस्त्यात

महोदय,

माझ्या वहिनी घरगुती फराळाच्या ऑर्डरी एका समाजमाध्यमावरच घेतात. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांचे खाते बंद झाले. ‘नियमभंग’ एवढाच शब्द. कोणता नियम, कधी मोडला, काही नाही. दाद मागितली तर पुन्हा तेच ठरावीक उत्तर. चार वर्षांत जोडलेली गिऱ्हाइके एका रात्रीत तुटली!

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानुसार खाते बंद करताना स्पष्ट कारण द्यावेच लागते. आपल्याकडे २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावले, २०२३पासून केंद्राच्या अपील समित्यांकडेही ३० दिवसांत जाता येते. पण कारणच कळले नाही, तर अपिलात लिहायचे काय? खाते बंद करण्यापूर्वी लेखी कारण देण्याची सक्ती केंद्राने करावी.

– एक वाचक, सांगली