सिस्टर, दार तुम्ही उघडलंत

प्रिय सिस्टर,

मराठीत लिहितेय, कारण रडू आवरत लिहायचं तर मला हीच भाषा जमते. मुलगी तुम्हाला वाचून दाखवेल. परदेशात म्हातारे होत चाललेल्या आपल्या माणसांनीही हे वाचावं.

न्यूझीलंडमध्ये, टाकाका हिलच्या घाटापलीकडे गोल्डन बेच्या डोंगरात आम्ही 16 वर्षं राहिलो. विजेची तार नाही, छपरावर सोलर, टाकीत पावसाचं पाणी. ह्यांची फुप्फुसं थकली तेव्हा जो तो एकच सांगू लागला, शहरात जा. एका कार्यालयातल्या बाईंनी तर फोनवर सुनावलं, "असल्या घरात मरायचं ठरवणार असाल तर जबाबदारी तुमची." मरायचं ठरवणं! ह्यांना फक्त स्वतःच्या खाटेवर निजायचं होतं. त्या रात्री हे जेवले नाहीत.

तुम्ही आलात, चिखलाचे बूट पायरीवर काढलेत आणि आधी विचारलंत, बॅटऱ्या कुठे आहेत? ऑक्सिजनचं मशीन 300 वॅटच्या आसपास खातं, हिवाळ्यात बॅटऱ्या पहाटेपर्यंत पुरत नाहीत, हे तुम्हाला समजावावं लागलं नाही. जनरेटर किती वाजता लावायचा तेही ठरवून दिलंत. शेवटच्या दिवसांत दुखणं शमवणारं औषध देणारा छोटा पंप 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, सूर्याची वाट बघावी लागत नाही, हे ऐकून ह्यांचा जीव किती हलका झाला! आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार दुसऱ्याला देणारी पॉवर ऑफ अटर्नी माणूस शुद्धीत असतानाच करावी लागते, हेही तुम्हीच बजावलंत.

मग तो फॉर्म, शेवटच्या दिवसांत काय हवं-नको ते आधीच लिहून ठेवायचा. 'माझ्यासाठी काय महत्त्वाचं?' हे म्हणाले, "तिन्हीसांजेला दार उघडं असावं." दापोलीकडच्या आमच्या घरी दिवेलागणीला पुढचं दार कधी लावत नसत, लक्ष्मी यायची वेळ. मी ओशाळले, म्हटलं, हे काय लिहायचं? तुम्ही मात्र 'तिन्हीसांज' ह्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत आणि इंग्रजी अक्षरांत जसंच्या तसं लिहिलंत.

जुलैतली ती संध्याकाळ. तिकडे आषाढ, इकडे हाडं गोठवणारी थंडी. दाराची फट मीच फडक्याने बुजवली होती. मला कसली शुद्ध होती? तुम्ही खिडकीतला उजेड पाहिलात, उठलात, फडकं काढून दार सताड उघडलंत. अंगातलं जाकीट काढून ह्यांच्या पायांवर घातलंत. "तिनीसांज," म्हणालात. ह्यांनी दाराकडे मान वळवली. अंधार पडेपर्यंत तुम्ही नुसत्या स्वेटरवर तिथे उभ्या होतात.

कागद सगळेच भरून घेतात, सिस्टर. त्यातली एक ओळ आठ महिने मनात जपणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. ना रक्ताचं नातं, ना भाषेचं. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना परक्या मुलखात डोळे मिटायची भीती वाटत नाही.

तुमचं जाकीट इथेच राहिलंय. धुऊन खुंटीला अडकवलंय. न्यायला याल तेव्हा तिन्हीसांजेलाच या, चहा ठेवते.

तुमची ऋणी,
डोंगरावरची आजी