बॉक्स स्कोअर जपला म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका पालकांचे पत्र वाचले. संगणकावरचे सारेच खेळ मुलांचा वेळ खातात आणि त्यातून हाती काही लागत नाही, असा त्याचा आशय होता. त्यांची काळजी मला समजते. मात्र ‘सारेच’ या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती मी १९८७ पासूनच्या अनुभवावरून नोंदवत आहे.

त्या वर्षी माझा आतेभाऊ अमेरिकेतून घरच्या लग्नासाठी कोल्हापुरात आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी स्ट्रॅट-ओ-मॅटिक या खेळाची पेटी आणली. मी नुकताच शाळेत गणित शिकवू लागलो होतो. मंगळवार पेठेत वाढल्यामुळे तालीम आणि फुटबॉल अंगात भिनलेले होते, पण बेसबॉलचा एकही नियम ठाऊक नव्हता. हा खेळ हॅल रिचमन यांना शाळकरी वयात सुचला आणि १९६१ मध्ये त्यांनी तो विक्रीस आणला. त्यात प्रत्येक खऱ्या खेळाडूचा, त्याच्या खऱ्या आकडेवारीवरून बनवलेला, एक पत्ता म्हणजे कार्ड असते. तीन फासे टाकायचे. पहिल्या फाशावर १ ते ३ पडले तर फलंदाजाच्या पत्त्यावरचा त्या क्रमांकाचा रकाना पाहायचा, ४ ते ६ पडले तर चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या पत्त्यावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यातली ओळ दाखवते. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारे येते, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच प्रकारे, म्हणून कोणता निकाल कोणत्या ओळीत बसवला आहे यावर त्या पत्त्याचे सारे बळ ठरते. संभाव्यता हा पाठ मी निवृत्तीपर्यंत याच पत्त्यांवर शिकवला, आणि पुस्तकातल्या नाण्यांच्या उदाहरणांना जांभया देणारी मुले फासे पडताना बाके सोडून पुढे येत असत.

एका सामन्यात काहीही घडू शकते. दुबळा फलंदाज चेंडू मैदानाबाहेर धाडतो आणि मातब्बर चारही वेळा बाद होतो. परंतु १६२ सामन्यांचा पूर्ण हंगाम धीराने खेळला की पत्त्यावरचा माणूस हळूहळू आपल्या मूळ स्वभावावर येतो. हे घडताना पाहणे हा या छंदातला सर्वांत मोठा आनंद आहे, आणि तो घाईने मिळत नाही.

पत्त्यांवरून मी खऱ्या खेळाकडे वळलो. सुरुवातीला अमेरिकेहून येणारी कात्रणे महिनाभर उशिरा हाती पडत. आता उन्हाळ्यात तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. आमच्या गल्लीतल्या तालमीत पोरे जोर-बैठका मारायला येतात त्याच सुमारास माझ्या स्वयंपाकघरातला दिवा लागतो, आणि घरच्यांनी ही वेळ माझी म्हणून केव्हाच मान्य केली आहे. २०१६ मध्ये शिकागो कब्स हा संघ १०८ वर्षांनी विजेता झाला, तो सामना मी सकाळी चहा गार होईपर्यंत उभ्याने पाहिला.

मात्र मला सांगायचे आहे ते टोनी ग्विन यांच्याविषयी. १९९४ च्या हंगामात सॅन दिएगोच्या या फलंदाजाची सरासरी ०.३९४ होती, म्हणजे फलंदाजीच्या ४१९ पाळ्यांत १६५ हिट (चेंडू मारून पहिल्या तळावर किंवा पुढे सुखरूप पोहोचणे). ०.४०० चा टप्पा त्याआधी शेवटचा गाठला तो टेड विल्यम्स यांनी, १९४१ मध्ये, ०.४०६ सरासरीने. १२ ऑगस्टपासून खेळाडूंचा संप सुरू झाला, उरलेला हंगाम आणि वर्ल्ड सिरीज ही अखेरची विजेतेपदाची मालिका दोन्ही रद्द झाले आणि ग्विन यांचे उरलेले ४५ सामने कायमचे राहून गेले. ते सामने मी पत्त्यांवर तीनदा खेळलो. पहिल्या वेळी ते ०.३९१ वर थांबले, दुसऱ्या वेळी ०.३९७ वर. १६ जून २०१४ रोजी त्यांचे निधन झाले, वय अवघे ५४. त्याच आठवड्यात मी पत्ते तिसऱ्यांदा मांडले. उरलेल्या १६५ पाळ्यांत ६९ हिट झाले आणि अखेरच्या दिवशी सरासरी ०.४०१ भरली. मी आकडेमोड चार वेळा तपासली, मग वही मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. हा निकाल खरा नाही हे मला कळते. तरी त्या माणसाच्या मनगटात हे शक्य होते, याची ती साक्ष आहे असे मी मानतो.

ही साक्ष कशाच्या आधारावर उभी राहते, हा माझ्या पत्राचा मुद्दा आहे, आणि तो वृत्तपत्रांशी निगडित आहे. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचा बारीक टाइपातला तक्ता, रुजवला तो हेन्री चॅडविक यांनी. ते मूळचे इंग्लंडचे, आधी क्रिकेटचे वार्तांकन करणारे पत्रकार. वृत्तपत्रांनी तो तक्ता दिवसेंदिवस छापला. पुढे जॉश गिब्सन या महान फलंदाजाला केवळ वर्णभेदामुळे मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेचे, दार बंद राहिले. २० जानेवारी १९४७ रोजी ते वारले, आणि तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांनी ते दार उघडले. संशोधकांनी कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगमधल्या सामन्यांचे जुन्या वृत्तपत्रांतले तक्ते एकेक करून शोधले, त्यांची बेरीज मांडली, आणि मे २०२४ मध्ये मेजर लीगने ती अधिकृत नोंदीत घेतली. आज कारकिर्दीच्या सरासरीत ०.३७२ सह गिब्सन पहिले आहेत. टाय कॉब ०.३६७ सह दुसरे. ‘आउट ऑफ द पार्क’ या संगणकीय खेळात मी गिब्सनना ब्रुकलिनच्या संघात रॉबिन्सन यांच्या शेजारी उतरवतो. हा खेळ मार्कुस हाइनसोन या जर्मन गृहस्थाने घडवला, म्हणजे बेसबॉलवर जीव जडायला अमेरिकेत जन्मावे लागत नाही. पण गिब्सनना आज असे मैदानात आणता येते, ते कोणा अनाम वार्ताहराने त्यांचे हिट मोजून छापले म्हणून.

माझे वडील खासबागेतल्या कुस्त्या आणि शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने इतके रंगवून सांगत की आम्ही जेवण विसरत असू. पण गोल कितव्या मिनिटाला झाला, पास कोणी दिला, कुस्ती किती वेळ चालली, यावर त्यांचे आणि काकांचे कधीच एकमत झाले नाही. दोघेही आता नाहीत. तो वाद मिटवायला माझ्याजवळ कागदाचा तुकडाही नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, शाहू स्टेडियमवरील सामन्यांच्या वर्णनाखाली आपण रोज एक छोटा तक्ता छापावा: दोन्ही संघांचे अकरा खेळाडू, बदली खेळाडू, गोल, मिनिट, पास आणि गोलरक्षकाने अडवलेले फटके. दहा ओळींत हे बसते. पत्रातल्या त्या पालकांनाही माझे सांगणे आहे की, संगणकावर खेळणाऱ्या मुलाला एकदा वही-पेन्सिल देऊन अशा नोंदीला बसवावे. ज्याला आकड्यांची गोडी आहे तो उठायचे नाव घेणार नाही. आपला वार्ताहर एकटा पडत असेल तर येत्या हंगामात मी स्टेडियमच्या पायऱ्यांवर वही घेऊन बसेन आणि सामना संपताच तक्ता आपल्या कार्यालयात आणून देईन. त्यासाठी मानधन नको.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर