एआय हवे तर वेगळे पॅकेज द्या

मा. संपादक,

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १० चा आधार संपला. कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावातल्या कारखान्यांच्या ऑफिसात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेले जुने संगणक आहेत. ते विंडोज ११ घेत नाहीत, म्हणून लिनक्स या मुक्तस्रोत, म्हणजे कोड खुला असलेल्या, प्रणालीकडे वळणे स्वस्त पडते. नेमक्या याच वेळी मुक्तस्रोत प्रणालींतही एआय घालायचा आग्रह वाढतो आहे. त्यावर वापरणाऱ्यांनी घेतलेली शंका ही नव्याची धास्ती नव्हे.

आधी रॅमचा हिशोब बघा. सात-आठ अब्ज पॅरामीटरचे (शिकलेल्या आकड्यांचे) एआय मॉडेल, प्रत्येक आकडा ४ बिटांवर आणून लहान केले तरी फाइल ४ ते ५ जीबीची होते आणि चालताना जवळपास सगळी रॅममध्ये बसावी लागते. ४ जीबी रॅमच्या संगणकावर मग स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणे) सुरू होतो, हार्डडिस्कला उसंत मिळत नाही, आणि शेवटी मेमरी मोकळी करायला कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, एखादा प्रोग्रॅमच बंद पाडतो. तो सेव्ह न केलेल्या कोटेशनचाही असू शकतो! एक-दीड अब्जाचे मॉडेल मावते, पण त्याच्या मराठी उत्तरांवर विसंबून राहता येत नाही.

मग मॉडेल चालवायला उरतो इंटरनेटवरचा बाहेरचा सर्व्हर, म्हणजे ग्राहकाच्या कास्टिंगचे ड्रॉइंगही बाहेर. उबुंटू या लिनक्सच्या १२.१० आवृत्तीने २०१२मध्ये डॅशमध्ये (प्रोग्रॅम आणि फाइल शोधायच्या चौकटीत) टाइप केलेले शब्द इंटरनेटवर पाठवून ॲमेझॉनचा माल दाखवायला सुरुवात केली होती. ते मुळातच बंद ठेवायला २०१६ची १६.०४ आवृत्ती यावी लागली. लोक हे विसरलेले नाहीत.

‘कोड खुला आहे ना?’ हे उत्तरही अपुरे आहे. मॉडेल फुकट उतरवता आले तरी ते ज्या मजकुरावर शिकवले तो बहुधा मिळत नाही; म्हणजे ते तपासता येत नाही की नव्याने घडवता येत नाही.

एआयला सरसकट विरोध मात्र नाही. टेसरॅक्ट हा अक्षरे ओळखणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे एआयच्याच तंत्रावर, चालतो आणि स्कॅन केलेला छापील मराठी मजकूर इंटरनेटशिवाय वाचतो. त्याचा मराठी डेटा काही एमबीचा, वेगळ्या पॅकेजात. हवा त्याने बसवावा.

खरी मेख आहे ती पॅकेजच्या अवलंबनांत, म्हणजे एका पॅकेजसोबत दुसरे कोणते यावे या नोंदींत. डेबियन (आणखी एक लिनक्स) आणि उबुंटूमध्ये ‘रेकमेंड्स’ खाली नोंदलेले पॅकेज वेगळे न मागताही सोबत येते, ‘सजेस्ट्स’ खालचे येत नाही. एआयची जागा ‘सजेस्ट्स’मध्येच असावी. सेटिंगमध्ये बंद करायचे बटण देणे ही त्याची भरपाई नव्हे: बटण बंद केले तरी मॉडेलची फाइल डिस्कवर तशीच राहू शकते, आणि सेटिंग पुढच्या अपग्रेडमध्ये बदलू शकते.

तोवर लिनक्स वापरणाऱ्यांनी अपग्रेड करताना ‘एपीटी’ (पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) दाखवते ती नव्या पॅकेजांची यादी आणि डाउनलोडचा आकार वाचावा. दोन-तीनशे एमबीच्या जागी अचानक काही जीबी दिसले, तर ‘एन’ (नको) दाबून थांबावे आणि कोणत्या पॅकेजमुळे ते आले हे आधी पाहावे.

— एक संगणक तंत्रज्ञ, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर