काकूंचं डेंड्रोबियम

बेळगाव,
श्रावणी सोमवार

प्रिय सुहास,

काकूंना आधी सांग, झाड जगलंय. फोनवर मी हेच सांगितलं तर त्यांना वाटलं मी नुसता धीर देतोय. म्हणून सविस्तर लिहितो, त्यांना वाचून दाखव. मध्ये मध्ये थांबवून त्या प्रश्न विचारणार, पण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं पुढे आहेतच.

मे अखेरीस अनगोळच्या घराची किल्ली घ्यायला गेलो, तेव्हा गच्चीच्या कोपऱ्यात ते पडलं होतं. काकूंनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं जांभळं-पांढरं डेंड्रोबियम ऑर्किड ते हेच, हे पटकन ओळखूच येईना. काठ्या, म्हणजे त्याची काठीसारखी जाड खोडं, चहूबाजूंनी कुंडीबाहेर लोंबत होत्या, निम्म्या बिनपानांच्या आणि सुरकुतलेल्या. मुळं बाहेर पडून कठड्याच्या गिलाव्याला घट्ट चिकटलेली. आणि वरून तांबडी माती! भाडेकरू मंडळी भली होती रे, पण झाड म्हटलं की माती पाहिजेच असं त्यांना वाटलं असणार. शेजारच्या मामी कठड्यावरून डोकावून म्हणाल्या, "मेलंय की ओ ते. टाकून द्या की, कशाला राबताय."

आमच्या पोराचंही तेच म्हणणं. तीन-चारशे रुपयांत नवं येतं म्हणे. येतं खरं. १९६० साली जॉर्ज मोरेल या फ्रेंच शास्त्रज्ञानं कोंबाच्या टोकापासून ऑर्किडची ढीगभर रोपं तयार करून दाखवली, तेव्हापासून ही श्रीमंतांची फुलं आपल्यासारख्यांच्या खिडकीत आली. पण नर्सरीच्या जाळीखाली वाढलेलं रोप आपल्याकडच्या जुलैला टिकतंच असं नाही. काकूंच्या झाडानं इथले कितीतरी पावसाळे काढलेत. शिवाय एका काठीच्या बुडाशी पेराएवढा हिरवागार कोंब होता. कुंडी बदलायची तर अशाच वेळी. नवा कोंब निघाला की पाठोपाठ त्याची मुळं सुटतात आणि ती थेट नव्या कुंडीत शिरतात. ऐन थंडीत, झाड झोपलेलं असताना हलवलं तर ते तसंच बसून राहतं.

माती का नको, हे काकूंना माहीत आहे, पण तुला नसणार. आपण लहानपणी जांबोटीच्या वाटेवर आंब्या-फणसाच्या खोडांवर सीतेची वेणी बघायचो, आठवतं? पावसाच्या तोंडावर ते गुलाबी-पांढरे घोस लोंबायचे आणि आपण सरसकट सगळ्याला बांडगूळ म्हणायचो. ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडात मुळं खुपसून त्याचा रस पितं. ऑर्किड फक्त त्याच्या अंगावर बसतं. ऑर्किडच्या मुळांवर व्हेलॅमेन नावाचं पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं. पाऊस पडला की ते पाणी ओढून घेऊन हिरवट दिसतं, वारं लागलं की परत पांढरं. भिजणं आणि सुकणं, दोन्ही हवं. मातीत हे सुकणंच होत नाही, मग मूळ गुदमरतं आणि कुजतं.

तर काम असं केलं. कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवली, म्हणजे मुळं नरम पडून वाकतात. तरी ती प्लॅस्टिकला अशी चिकटलेली की शेवटी कुंडीच कापावी लागली. आत नारळाच्या सोडणाचा कुजून काळा चिखल झालेला, त्यात मुंग्यांचं वारूळ आणि एक गोम. वास तर विचारूच नकोस. सगळं नळाखाली धुतलं आणि पाटावर पसरून एकेक मूळ बोटांनी दाबून बघत बसलो. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं पचकन दबतं, ओढलं की वरचं आवरण सुटून हातात येतं आणि आतली बारीक दोरी तेवढी राहते. अशी सगळी कापली. निम्म्याहून जास्त गेली असतील. कात्री दर वेळी ज्योतीवर तापवून घेत होतो, कारण ऑर्किडचे विषाणू पात्यावरून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांना औषध नाही.

काठ्यांवर वाळलेला कागदासारखा पापुद्रा असतो ना, तो सोलला तर खाली खवले किडीची रांगच. तपकिरी, चपटी, नखानं खरवडावी लागते. कापसाला स्पिरिट लावून पुसून काढली, नंतर आठवड्याच्या अंतरानं निंबोळी तेल फवारलं.

आता काकूंचा हमखास प्रश्न: जुन्या काठ्या कापल्यास का? नाही कापल्या. यावरूनच माझं मामींशी वाजलं. बोडक्या, सुरकुतलेल्या काठ्या बघून कुणाचाही हात कात्रीकडे जातो. पण झाडाचं पाणी आणि अन्न त्यांच्यातच साठलेलं असतं. मुळं गेल्यावर झाड महिना-दोन महिने त्याच्यावरच जगतं. नवा कोंब पोसला तो त्यांनीच, म्हणून तर त्या सुरकुतल्या. काठी पिवळी-तपकिरी होऊन आतून पोकळ किंवा मऊ लागली, तरच काढायची. अशा थोड्याच निघाल्या. बाकीच्या दिसायला वाईट दिसतात, दिसू देत. फुलझाड दाखवायला ठेवणाऱ्यांची घाई आणि झाडाची गरज यांचं कधी जमत नाही, असं माझं मत झालंय.

पसारा एवढा वाढला होता की एका कुंडीत मावणं शक्य नव्हतं. बुडाची आडवी गाठाळ खोडकी असते, ती कापून तीन भाग केले. प्रत्येकात तीन-चार काठ्या पाहिजेतच, त्याहून कमी ठेवल्या तर झाड फुलायला वर्षं घेतं. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. मुळांना मात्र ती लागू द्यायची नाही, मुळं वाळतात.

कुंड्या खानापूरच्या कुंभाराकडून करून घेतल्या, कच्च्यातच बाजूनं भोकं पाडून भाजलेल्या. भरायला फुटक्या कौलांचे तुकडे आणि इस्त्रीवाल्याकडचे लाकडी कोळसे. सोडणाचे तुकडे अगदी मूठभर, तेही काही दिवस पाणी बदलत भिजवून, कारण त्यात क्षार असतात. तुमच्या पुण्यात हवा कोरडी, तिथे सोडण जास्त चालेल. आपल्याकडे पावसाळ्यात ते वाळतच नाही, मग परत तोच चिखल. जुन्या काठ्या कुंडीच्या काठाला टेकवल्या आणि नव्या कोंबाच्या पुढे मोकळी जागा सोडली, कारण झाड त्याच दिशेनं सरकत जातं. बूड पुरायचं नाही, वरच ठेवायचं. बांबूच्या काडीला जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधून टाकलं. झाड हललं की नव्या मुळाचं कोवळं टोक घासून जातं आणि त्या मुळाची वाढ थांबते.

बांधून झालं की हात शिवशिवतात पाणी घालायला. इथल्या नर्सरीवाल्यानं आधीच बजावलं होतं, "एंट दिन नीर ब्याड्री." आठ दिवस पाणी नको, कापलेलं सुकू दे. नुसतं सकाळी पानांवर फवारायचं. त्याचं ऐकलं. मोबाईलवर लोक काय काय सांगतात, चहाचा चोथा घाला, अंड्याची टरफलं घाला, बर्फाचे खडे ठेवा. बर्फ! हे डेंड्रोबियम उष्ण मुलुखातलं झाड, त्याच्या मुळाशी बर्फ ठेवणाऱ्याला काय म्हणावं?

तिसऱ्या भागाला धड मूळच राहिलं नव्हतं. तो परसातल्या फणसाच्या खोडाला, पूर्वेच्या बाजूनं, पट्टीनं आवळून बांधला आणि सोडून दिला. गंमत म्हणजे सगळ्यात जोरात तोच आहे. हिरव्या टोकांची मुळं सालीवर पसरलीत, एक तर खाचेत घुसलंय. आता तो तिथून काढायचा नाही, हे काकूंना माझ्या वतीनं सांग.

कुंड्यांतले दोन्हीही बरे आहेत. नवी काठी वीतभर झाली, सुरकुत्या भरून येतायत. मूळ दिसल्यावरच खत सुरू केलं: कृषी केंद्रातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. बोअरचं पाणी घालत नाही, क्षारांचा पांढरा थर बसतो. सध्या पावसाचंच पिंपात धरतो. त्रास आहे तो गोगलगायींचा, कोवळी मुळं कुरतडतात. रात्री टॉर्च घेऊन त्यांना वेचत असतो, घरात मस्करीचा विषय झालोय. फुलं यंदा नाहीत आणि यंदा मागूही नयेत.

गणपतीला येशील तेव्हा एक कुंडी घेऊन जा. गाडी घेऊन ये, बसच्या डिकीत मी झाड देणार नाही. आदल्या दोन दिवसांत पाणी घालणार नाही, म्हणजे वाटेत कुजायची भीती नाही. तिकडे गेल्यावर सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि वारं खेळेल अशी जागा लागेल. पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय असं समज. तुमच्या बाल्कनीत दुपारी ऊन कुठून येतं ते काकूंना विचारून कळव, त्याप्रमाणे दोन्हींतली कुठली द्यायची ते ठरवतो.

काकूंना नमस्कार, वहिनींना सांग.

तुझा,
विनायक