पुढून अठरावे शतक, मागून विसावे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

उद्ध्वस्त झालेली जुनी वस्ती पुन्हा उभारताना स्थापत्यातील सिद्धांतांना कोण विचारतो, सारे पैसा आणि राजकारणच ठरवतात, असे तू लिहिलेस. ते मला निम्मेच पटले. किती घरे बांधायची हे पैसा ठरवत असेल. पण जुने म्हणजे नेमके काय, दर्शनी भिंत, गल्लीची रुंदी की भूखंडांच्या हद्दी, याचे उत्तर आराखडा काढणाऱ्याच्या मनात आधीच मुरलेले असते.

पोलंडची राजधानी वॉर्साचे जुने शहर घे. 1944 च्या उठावानंतर जर्मनांनी ते पद्धतशीर जमीनदोस्त केले. पुढे चित्रकार बेलोत्तोने अठराव्या शतकात रंगवलेली शहरदृश्ये आणि युद्धापूर्वी स्थापत्याच्या विद्यार्थ्यांनी मोजून काढलेली रेखाटने यांच्या आधारे घरे पुन्हा उभी राहिली, आणि 1980 मध्ये युनेस्कोने या पुनर्बांधणीलाच जागतिक वारसा मानले. मात्र दर्शनी घरांमागे पूर्वी दाटीने उभ्या असलेल्या कित्येक इमारती मुद्दाम बांधल्याच नाहीत, कारण घराला उजेड आणि मोकळी हवा मिळालीच पाहिजे हा आधुनिकांचा आग्रह तोवर रुजला होता. या पुनर्बांधणीला नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती मागची मोकळी अंगणे पाहिलेली नसावीत.

जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या व्हेनिस सनदेने नेमके उलटे बजावले: जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा, आणि नव्याने घातलेला भाग आपल्या काळाचाच दिसावा. (आपल्या ‘जीर्णोद्धार’ या शब्दाला असला संकोच कधी वाटला नाही, हेही खरे.) तरीही जर्मनीतल्या फ्रँकफुर्टने जुन्या वस्तीच्या जागेवरचे 1974 चे काँक्रीटचे प्रशासकीय संकुल पाडून 2018 पर्यंत त्या जागी 35 घरे उभारली. त्यांतली 15 जुन्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, बाकीची नवी, पण जुन्या गल्ल्यांची शिस्त पाळणारी. आणि या साऱ्यांच्या पायाखाली वाहनतळ! मला त्या प्रतिकृतींपेक्षा शेजारची नवी घरे अधिक प्रामाणिक वाटतात, कारण अरुंद भूखंड आणि उतरते छप्पर एवढ्याच बंधनांत राहून ती आपले बोलणे बोलतात.

म्हणून भिंतींच्या नक्षीआधी भूखंडांच्या हद्दी जपाव्यात, असे माझे मत बनले आहे. दोनचार भूखंड एकत्र करून एकच मोठी इमारत उठवली, की तिला कितीही जुना मुखवटा चढवला तरी गल्लीतली दारांची संख्या घटते आणि चालणाऱ्याला ती गल्ली परकी वाटू लागते. तुझ्या नकाशावर जुन्या हद्दी अजून दिसत असतील, तर त्याची एक प्रत पाठव.

तुझा मित्र