नख मारून बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या ओपीडीत आभार मानायची सोय नाही. बाहेर बाकं भरलेली असतात, आणि अण्णा शेजारी असले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. म्हणून हे उघडं पत्र.

अण्णांनी अटॅक दीड दिवस अंगावर काढला. पित्त समजून ओवा चावत बसले. अंबडहून जालन्याला पोचलो तोवर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. नंतर चार पावलं चाललं तरी छातीत भरून यायचं, म्हणून एका मोठ्या दवाखान्यात दाखवलं. तिथं कार्डिओग्रामची पट्टी वर धरून पाहिली, ठोक्याच्या सुरुवातीचे खोल खड्डे दाखवले आणि म्हणाले, "क्यू पडलेत. हृदयाची पुढची भिंत मेली, तिच्यावर खर्च कशाला?" अण्णांनी त्यातला एकच शब्द घरी आणला. महिनाभर बागेकडे फिरकले नाहीत.

तुम्ही तीच पट्टी टेबलावर पसरलीत आणि ड्रॉवरमधून कर्कटक काढलंत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे कंपासपेटीतली ही वस्तू डॉक्टरांच्या हातात बघून मला हसूच आलं. मग तुम्ही मला कामाला लावलंत. एक बारीक घर म्हणजे ०.०४ सेकंद. क्यूच्या, म्हणजे त्या खड्ड्याच्या, सुरुवातीला एक टोक, टी ही ठोक्याची शेवटची लाट संपते तिथं दुसरं, असं बाराही लीडमध्ये, म्हणजे पट्टीवरच्या बाराही रेघांत. सगळ्यात लांब अंतरातून सगळ्यात आखूड वजा केलं, तर दीड घर उरलं, म्हणजे ६० मिलिसेकंद. जुन्या अभ्यासात ७० ची रेघ धरली होती, तुम्ही म्हणालात. फरक जितका कमी, तितकी स्नायू शिल्लक असण्याची आशा जास्त. टी नेमका कुठं संपतो यावर तुमचं-माझं दोनदा जमलं नाही, तेव्हा तुम्हीच हसून म्हणालात, "म्हणूनच नुसत्या यावर कुणी निर्णय घेत नाही."

मग व्ही-थ्री आणि व्ही-फोर या छातीवरच्या लीडमधल्या आरवर, म्हणजे वर उठणाऱ्या टोकावर, बोट ठेवलंत. बारीक होता, पण उभा होता. क्यू म्हणजे तिथून वीज उमटत नाही एवढंच. रक्त कमी पडलं की जिवंत स्नायूही काम थांबवून गप्प पडून राहतो, हे तुम्ही अण्णांकडे बघून सांगितलंत. माझ्याकडे बघून नाही. याचे आभार वेगळे मानतो.

अण्णा तेव्हा पहिल्यांदा बोलले. २०१२ च्या दुष्काळात आमची मोसंबी वाळली होती. अर्धी बाग लोकांनी तोडायला सांगितली. अण्णा झाडाझाडाला नख मारत फिरले. सालीखाली हिरवं दिसलं ते झाड ठेवलं आणि टँकरनं जगवलं. "म्हंजी तुमी नख मारून बघायलाय व्हय?" तुम्ही म्हणालात, "हा नुसता अंदाज, अण्णा. नख आता मारायचंय."

ते नख म्हणजे डोब्युटामिनची स्ट्रेस इको, हृदयाला जोर लावणारं औषध देत केलेली सोनोग्राफी. औषधाचा थेंब-थेंब सुरू झाला आणि गप्प पडलेली भिंत जाड होऊन आत ओढली जायला लागली. तुम्ही मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलंत. सगळी नाही, टोकाकडचा तुकडा हललाच नाही, तेही दाखवलंत.

अँजिओप्लास्टीच्या आधी तुम्ही जे सांगितलंत, ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं असं वाटत नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ७०० रुग्णांच्या अभ्यासात हृदयाचं पंपिंग खूप कमी असलेल्यांना नुसत्या स्टेंटनं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही; औषधं चोख घेणारेही तितकेच टिकले. "आपण स्टेंट टाकतोय तो छातीत भरून येतं त्यासाठी. पंपिंग वाढलं तर वरकमाई." पंपिंग ३५ वरून ४२ टक्के झालं. वरकमाई मिळाली म्हणायची.

अण्णा आता सकाळी विहिरीपर्यंत न थांबता जातात. गोळ्यांचं पाकीट आई सांभाळते, त्यांच्यावर विश्वास नाही. कार्डिओग्रामच्या कागदावरच्या रेघा पुसट होतात, झेरॉक्स काढून ठेवा, असं तुम्ही म्हणाला होता, काढली आहे. मूळ पट्टी मात्र अण्णांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवलीय आणि कुणाला हात लावू देत नाहीत. पुढच्या तपासणीला येताना दोन्ही आणतो.

आपला,
अण्णांचा थोरला